बाण मेला की जोड सुटला? घरच्या डान्स मॅटची दुरुस्ती

डान्स मॅट म्हणजे गाण्याच्या तालावर स्क्रीनवर येणारे बाण पायाने दाबत खेळायची व्हिडिओ गेमची चटई. घरच्या मॅटच्या पोटात बिघडण्यासारखं फार थोडं असतं: एक छोटा सर्किट बोर्ड, प्लॅस्टिकच्या दोन पातळ फिल्म, त्यांच्यामध्ये भोकं पाडलेला फोम आणि एक केबल. तरीही एखादा बाण लागेनासा झाला की मॅट माळ्यावर जाते आणि पुढच्या साफसफाईत भंगारात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण अशा कितीतरी मॅट मल्टिमीटर, खोडरबर आणि सुई-दोरा एवढ्यावर पुन्हा नाचत्या करता येतात. फक्त एक शिस्त पाळायची. बिघाड नेमका कुठे आहे हे कळेपर्यंत शिवण उसवायची नाही.

असा खेळ, कोनामी कंपनीचं डान्स डान्स रेव्होल्यूशन, १९९८ साली जपानच्या आर्केडमध्ये, म्हणजे व्हिडिओ गेमच्या दालनांत, आलं, तेव्हा खेळणाऱ्याच्या पायाखाली धातूच्या चौकटीतले भक्कम पॅनेल होते आणि त्यांच्याखाली सेन्सर. पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, तो खेळ प्लेस्टेशनवर घरी पोहोचला. दिवाणखान्यात तसली चौकट कुठे ठेवणार? म्हणून घरासाठी गुंडाळून ठेवता येईल अशी मऊ मॅट आली. आज आपल्याकडे यूएसबीवर चालणाऱ्या किंवा थेट टीव्हीला जोडायच्या ज्या मॅट मिळतात, त्यांच्या आतली रचना थोड्याफार फरकाने तीच आहे. मॅट गुंडाळता येते ही तिची सोय, आणि तिची बहुतेक दुखणीही तिथूनच सुरू होतात. जिथे घडी पडते, जिथे फिल्म बोर्डाला टेकते आणि जिथे केबल बोर्डाच्या डबीत शिरते, त्या तीन जागी आधी बघायचं.

आत काय असतं

वरचा छापील थर पीव्हीसीचा. त्याखाली एक पारदर्शक किंवा दुधी फिल्म, तिच्या खालच्या बाजूला काळ्या कार्बनच्या शाईने छापलेले पट्टे. मग फोम, प्रत्येक बाणाखाली भोकं असलेला. त्याखाली दुसरी फिल्म, तिचे पट्टे वरच्या दिशेने. सगळ्यात खाली घसरू नये म्हणून खरखरीत थर. बाणावर पाय पडला की फोम दबतो, भोकांतून दोन्ही फिल्मचे काळे पट्टे एकमेकांना टेकतात आणि सर्किट पूर्ण होतं. पाय उचलला की फोम फुगतो आणि पट्टे सुटे होतात. प्रत्येक बाण म्हणजे एवढा एक साधा स्विच.

साधारणपणे एका फिल्मवर सगळ्या बाणांची मिळून एकच सामायिक रेघ असते आणि दुसऱ्या फिल्मवर प्रत्येक बाणाची वेगळी. या रेघा वरच्या कडेला असलेल्या डबीत येतात, आणि तिथे सोल्डर केलेलं काहीच नसतं. फिल्मच्या शेपटीवरचे कार्बनचे टोक बोर्डावरच्या पट्ट्यांवर नुसते टेकवलेले असतात. त्यावर रबराची किंवा फोमची पट्टी, त्यावर प्लॅस्टिकची दाबपट्टी आणि तिला दोन-चार स्क्रू. अख्ख्या मॅटचं काम या दाबावर चालतं. डबी पायाने सरकली, केबलला हिसका बसला, रबर कडक झालं किंवा स्क्रू सैल पडला की बाण 'मरतो'. म्हणून एकच बाण बंद असला तरी पहिला संशय मी नेहमी या जोडावर घेतो.

आधी न उघडता तपासा

यूएसबी मॅट असेल तर ती संगणकाला जोडा. विंडोजमध्ये सर्चमध्ये 'गेम कंट्रोलर' शोधलं की यूएसबी कंट्रोलर तपासायची खिडकी मिळते. तिथे मॅट निवडून प्रॉपर्टीज उघडल्या की प्रत्येक बटण दाबल्यावर लाल ठिपका पेटतो. स्टेपमेनिया हा मोफत खेळ संगणकावर असेल तर त्याच्या ऑप्शन्समधलं 'टेस्ट इनपुट' त्याहून सोयीचं. खेळ चालू करून तपासू नका. गाण्याच्या नादात पाय चुकला की बाण चुकला, ते कळत नाही.

आता कागद घ्या आणि मॅटचा नकाशा काढा. मॅट सपाट, टणक फरशीवर अंथरा, गालिच्यावर नको. प्रत्येक बाण आधी तळहाताने मध्यभागी दाबा, मग त्याच्या चारही कोपऱ्यांत. मग उभं राहून पूर्ण वजन द्या. मग दोन-दोन बाण एकत्र दाबा, विशेषतः डावा-उजवा आणि वर-खाली. शेवटी कोणालातरी स्क्रीनकडे बघायला सांगा आणि तुम्ही डबी हलक्या हाताने दाबा, केबल डबीजवळ इकडेतिकडे वाकवा. काय दिसलं ते लिहून ठेवा. या कागदावरून पुढचं अर्धं काम ठरतं.

संगणकाला मॅट जोडल्याचं कळलंच नाही, तर दोष केबलचा किंवा बोर्डाचा. मॅट ओळखली गेली पण एकही बाण लागत नाही, तर सामायिक रेघ तुटली आहे किंवा तिचा जोड सुटला आहे. एकच बाण मेला असेल तर त्याची स्वतःची रेघ किंवा जोड. डबीतल्या क्रमाने शेजारी-शेजारी असलेले दोन-तीन बाण एकत्र गेले असतील तर दाबपट्टी एका बाजूने सैल आहे, हे जवळजवळ नक्की. डबी दाबल्यावर बाण जिवंत होत असेल तर शिवणीला हात लावायची गरजच नाही. बाण मध्ये लागत नाही पण कोपऱ्यात लागतो, तर मधली शाई झिजली आहे. आणि न दाबताही बाण लागलेलाच राहतो, तर दोन्ही फिल्म कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत.

एक फसवा प्रकार ओळखून ठेवा. जुनी प्लेस्टेशनची मॅट अॅडॅप्टर लावून संगणकावर चालवताना सुटे बाण नीट लागतात, पण डावा आणि उजवा एकत्र मारला की दोन्ही गायब होतात. इथे मॅट निर्दोष आहे. पुष्कळ अॅडॅप्टर चार बाणांना जॉयस्टिकच्या दांड्यासारखं धरतात, आणि दांडा एकाच वेळी डावीकडे आणि उजवीकडे जाऊ शकत नाही. अशा वेळी डान्स मॅटसाठी बाणांना सुटी बटणं मानणारा अॅडॅप्टर घ्यावा लागतो.

टीव्हीला थेट जोडायच्या मॅटमध्ये खेळ डबीतच भरलेला असतो. तिथे संगणकाची मदत नाही, खेळाच्या मेनूत बाण दाबून बघायचे. ती सेलवर चालत असेल तर सगळ्यात आधी नवे सेल घाला. उतरलेल्या सेलवर या मॅट चित्रविचित्र वागतात. अल्कलाइन सेल गळून पत्रीवर पांढरी पावडर जमली असेल तर कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरडं करा. विजेच्या अॅडॅप्टरवर चालणाऱ्या मॅटचा तो अॅडॅप्टर उघडू नका. त्याच्या आत घरातली २३० व्होल्टची वीज आहे. तो बदलायचा.

सामान

साधा डिजिटल मल्टिमीटर, छोटे स्क्रू ड्रायव्हर, पांढरं खोडरबर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाच्या काड्या, दुहेरी चिकटपट्टी, सेलोटेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा. रेघ जोडायची वेळ आली तर तांब्याची फॉइल टेप आणि वाहक रंग, म्हणजे वीज वाहून नेणारा रंग. केबल किंवा बोर्ड बदलायचा असेल तर सोल्डरिंग आयर्न. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत यातलं विजेचं सामान मिळतं. वाहक रंग तिथे मिळाला नाही तर गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानात विचारा. मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या तुटलेल्या रेघा जोडायला जो रंग वापरतात, तो इथे उत्तम चालतो.

डबी आणि जोड

केबल काढा. डबी उलटी करून स्क्रू काढा. एखादा स्क्रू स्टिकरखाली किंवा रबरी बुटाखाली लपलेला असतो. डबी उघडत नसेल तर जोर लावण्याआधी त्याचा शोध घ्या. झाकण निघालं की काहीही हलवण्याआधी मोबाइलवर जवळून फोटो घ्या. फिल्मच्या शेपटीची कोणती बाजू वर होती आणि पहिला टोक कुठल्या पट्टीवर होता हे नंतर आठवत नाही. शेपटीच्या एका कोपऱ्यावर पेनाने खूणही करून ठेवा.

दाबपट्टीचे स्क्रू थोडे-थोडे करत सगळे सैल करा आणि पट्टी उचला. बोर्डावरचे पट्टे खोडरबराने घासा, चुरा झटका, मग काडीला अल्कोहोल लावून पुसा. पट्टे चकचकीत दिसले पाहिजेत. फिल्मच्या बाबतीत मात्र उलटा नियम आहे. तिला अल्कोहोल लावू नका आणि खोडरबर तर नकोच. कार्बनची शाई त्याने सुटून येते आणि जोड कायमचा जातो. मऊ कोरड्या कापडाने हलकेच पुसा, तेवढं पुरे.

शेपटीवरचे टोक घासून फिकट झाले असतील तर भिंगातून नीट बघा. रेघ पुढे तशीच उघडी असेल तर शेपटीचे तीन-चार मिलिमीटर धारदार कात्रीने सरळ कापून टाकता येतात, म्हणजे ताजा भाग दाबपट्टीखाली येतो. पण काही फिल्मवर टोकं सोडून बाकीच्या रेघेवर संरक्षक थर असतो. तो थर असेल तर कापू नका. कापलंत तर वाहक शाईऐवजी तो थरच बोर्डाला टेकेल.

बसवताना टोक आणि पट्टे समोरासमोर येतील अशी शेपटी ठेवा. जुनी रबरी पट्टी चपटी झाली असेल तर सायकलच्या ट्यूबची तेवढ्याच रुंदीची पट्टी कापून तिच्यावर ठेवा. सगळे स्क्रू आधी हलके लावा, मग आळीपाळीने आवळा. एकच बाजू पूर्ण आवळली तर दुसरी उचलली जाते, आणि प्लॅस्टिकमधले आटे फार पटकन झिजतात. स्क्रू नुसता फिरू लागला असेल तर भोकात आगपेटीच्या काडीची एक चिरफळी घालून तो पुन्हा बसवा.

झाकण लावण्याआधी मॅट जोडून पुन्हा तोच नकाशा काढा. माझ्या मते इतकं केल्यावर पुढे न जाता खेळायला सुरुवात करता येईल, अशी शक्यता चांगली असते.

मीटर काय सांगतं

बाण अजूनही मेलेलाच असेल तर शेपटी बोर्डापासून सुटी करा आणि मोजा. शेपटी बोर्डाला लागलेली असताना मोजू नका, बोर्डातला रोधही (विजेला होणारा अडथळा, ओहममध्ये मोजतात तो) त्या आकड्यात मिसळतो.

अनेकजण इथेच चुकीच्या निष्कर्षावर येतात. मीटर बझरवर (जोड सलग असला की वाजणाऱ्या सेटिंगवर) ठेवून टोकं लावतात, बझर वाजत नाही, म्हणून रेघ तुटली असं धरतात. बझर काही दहा ओहमच्या आतच वाजतो. कार्बनच्या शाईची रेघ चांगली असली तरी तिचा रोध शेकडो ओहम, लांब रेघेचा कधी हजारांतही असतो. मीटर ओहमवर ठेवा आणि आकडा वाचा. प्रोबच्या (मीटरच्या तारेच्या टोकाशी असलेल्या सुईच्या) अणकुचीदार टोकाने शाई खरवडली जाते, म्हणून टोकाभोवती अॅल्युमिनियम फॉइलची छोटी गुंडी करून ती हलकेच टेकवा.

एक प्रोब सामायिक टोकावर, दुसरा बाणाच्या टोकावर. कोणालातरी त्या बाणावर उभं करा. न दाबता मीटरने अनंत (म्हणजे जोड नाही) दाखवायला हवं, दाबल्यावर आकडा. आधी चालणाऱ्या बाणांचे आकडे लिहा, मग बंद बाणाचा. आकडा किती असावा याला पक्का नियम नाही, मॅटगणिक तो बदलतो, पण त्याच मॅटमधले बाण एकमेकांच्या जवळपास असतात. बाकीचे काही शे ओहम दाखवतात आणि एकच बाण वीस-तीस हजार दाखवतो, तर त्याची रेघ तडकली आहे पण पूर्ण तुटलेली नाही. दाबल्यावरही अनंत, तर रेघ तुटली किंवा पट्टे टेकतच नाहीत. न दाबता आकडा, तर फिल्म चिकटल्या आहेत. सगळे बाण ठीक दिसत असतील आणि तरीही संगणकावर काही येत नसेल, तर बिघाड बोर्डात किंवा केबलमध्ये आहे. मग मॅट उघडायचीच नाही, थेट केबलच्या भागाकडे जा.

शिवण उसवायची वेळ

आधी मॅटच्या कडा नीट बघा. काही मॅटना एका बाजूला चेन किंवा वेल्क्रो असतं, मग उसवायची गरज नाही. नाहीतर कडेच्या पायपिंगची शिवण शिलाईच्या उसवणीने, एकेक टाका तोडत उसवा. ब्लेडने सरळ फाडू नका, आत फिल्म आहे. डबीच्या बाजूची कड आणि लागेल तेवढीच शेजारची कड, बस.

फरशी स्वच्छ पुसून घ्या. फिल्मखाली वाळूचा एक कण राहिला तरी पुढे त्रास देतो. थर एकेक उचलताना प्रत्येकाच्या एकाच कोपऱ्यावर क्रमांक लिहा आणि फोटो घेत जा. फिल्म ओढायची नाही, तिला घडी तर पडू द्यायचीच नाही. दोन्ही हातांनी उचलून सपाट ठेवा.

बघायचं काय? फोम सरकून त्याची भोकं पट्ट्यांवरून हटली आहेत का, हे सगळ्यात आधी. तसं असेल तर भोकं जागेवर आणा आणि फोमच्या कोपऱ्यांना दुहेरी चिकटपट्टीचे छोटे तुकडे लावून त्याला फिल्मवर धरा. भोकांजवळ चिकटपट्टी लावू नका. मग फिल्म उजेडासमोर धरा. घडीच्या ओळीवर काळी शाई केसाएवढी फाटलेली दिसते. ती सापडली की अर्धी लढाई जिंकलीत.

तुटलेली रेघ

डोळ्यांनी सापडली नाही तर मीटरने शोधा. एक प्रोब शेपटीच्या टोकावर, दुसरा रेघेच्या मध्यावर. आकडा आला तर तूट पुढच्या अर्ध्यात, नाही आला तर मागच्या. तो अर्धा पुन्हा निम्मा करा. चार-पाच मापांत जागा बोटभर अंतरावर येते.

फिल्मवर सोल्डर करायचा विचार मनातही आणू नका. आयर्न टेकताच प्लॅस्टिक वितळतं. तूट बारीक असेल आणि ती जागा पायाखाली येत नसेल, तर रेघेच्या दोन्ही बाजूंना सेलोटेप लावून मधे रेघेएवढीच फट ठेवा. तिथे वाहक रंगाचा पातळ हात द्या, वाळू द्या, मग दुसरा हात. दोन्ही बाजूंना चांगल्या शाईवर सेंटिमीटरभर तरी रंग गेला पाहिजे. बाटलीवर सांगितलेला वेळ पूर्ण वाळू द्या आणि मगच मोजा. शेवटी वरून सेलोटेप, पण फक्त रेघेवर, बाणाच्या पट्ट्यावर नाही.

पण जिथे एकदा घडीने शाई तोडली तिथे नुसता रंगही पुन्हा तडकतो. अशा जागी मी तांब्याच्या टेपचा पूल घालायला सांगेन: तुटीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन सेंटिमीटर जाईल एवढी अरुंद टेप, आणि तिच्या दोन्ही टोकांवर रंगाचा थेंब, टेप आणि शाई दोन्हींवर पसरेल असा. हा थेंब महत्त्वाचा. बऱ्याच तांब्याच्या टेपचा चिकट भाग वीज वाहून नेत नाही, त्यामुळे टेप वरून लावून जोड होत नाही.

रेघ अनेक ठिकाणी तडकली असेल तर ती सोडून द्या आणि बाणापासून डबीपर्यंत नवी तार टाका. हीच दुरुस्ती सगळ्यात जास्त टिकते. तीन-चार सेंटिमीटरच्या तांब्याच्या टेपला, ती चिकटवण्याआधीच, मोटर वाइंडिंगच्या दुकानात मिळणारी बारीक इनॅमलची तार सोल्डर करा. तारेच्या टोकाचं इनॅमल आधी खरवडून घ्या. टेप बाणाच्या पट्ट्याच्या कडेला, पाय थेट पडणार नाही अशा जागी चिकटवा आणि कडेने वाहक रंग लावा. तार पॅनेलच्या मधून नव्हे, बाणांमधल्या मोकळ्या जागेतून सेलोटेपने बसवत डबीपर्यंत न्या आणि बोर्डाच्या त्या बाणाच्या पट्टीमागच्या रेघेला सोल्डर करा. बोर्डावर सोल्डर चालतं.

अडकलेला बाण आणि पावसाळा

सतत लागलेल्या बाणाचं कारण बहुधा दबून मेलेला फोम. त्या भोकांभोवती स्टेशनरीच्या दुकानातल्या दोन मिलिमीटरच्या ईव्हीए फोम शीटच्या पट्ट्या लावा. खोक्यातला पांढरा पॅकिंग फोम वापरू नका, तो चार दिवसांत बसतो. फार जाड पट्टी लावलीत तर बाण टाचेचा दणका दिल्याशिवाय लागणार नाही, म्हणून आधी एकच थर लावून तपासा.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये, आणि कोकणात तर जास्तच, मॅटमध्ये ओल साठते. फोम दमट होतो, फिल्म एकमेकींना चिकटतात, कुबट वास येतो. सगळे थर सुटे करून सावलीत पंख्याखाली एक-दोन दिवस वाळवा. ऊन नको आणि हेअर ड्रायरही नको. उष्णतेने फिल्म लाटा घेते आणि ती पुन्हा सपाट होत नाही. बुरशी लागलेला फोम बदललेलाच बरा.

केबल आणि बोर्ड

केबल बहुतेक डबीच्या तोंडाशी आतून तुटते. वाकवल्यावर मॅट चालू-बंद होत असेल तर तो चार-पाच सेंटिमीटरचा तुकडा कापून टाका आणि चारही तारा पुन्हा बोर्डावर सोल्डर करा. ठरलेले रंग असे: लाल पाच व्होल्ट, काळी ग्राउंड, पांढरी आणि हिरवी डेटा. स्वस्त केबलमध्ये रंगांवर भरवसा ठेवू नका. इथे बझर उपयोगी आहे, प्लगच्या कोणत्या पिनला कोणती तार जाते ते मोजून घ्या. संगणकाला लावण्याआधी लाल आणि काळीमध्ये शॉर्ट नाही ना, हे बघा. या दोन उलट लागल्या तर बोर्ड जळतो. केबल डबीत शिरते तिथे आतून एक गाठ मारा किंवा झिप टाय आवळा, म्हणजे हिसका सोल्डरवर येणार नाही.

बोर्डावरची चिप काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली असते. ती गेली तर दुरुस्ती नाही, पण म्हणून मॅट गेली असं नाही. आर्केड स्टिक बनवणारे जो 'झीरो डिले' यूएसबी एन्कोडर (बटणांचे इशारे संगणकाला पाठवणारा छोटा बोर्ड) वापरतात, तो लावता येतो. त्याच्या प्रत्येक बटणाच्या दोन पिनांपैकी एक सामायिक असते, मीटरने ती ओळखून मॅटची सामायिक रेघ तिथे जोडा आणि बाण चार वेगवेगळ्या बटणांना. बाणांसाठी दिलेल्या दिशेच्या पिना वापरू नका, नाहीतर डावा-उजवा एकत्र न लागण्याचा तोच घोळ परत येईल.

थोडं प्रोग्रॅमिंग येत असेल तर आर्दुइनो लिओनार्दो किंवा प्रो मायक्रो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड त्याहून चांगला, कारण त्यातली एटीमेगा ३२यू४ चिप संगणकाला कीबोर्ड म्हणून दिसते. सामायिक रेघ ग्राउंडला, प्रत्येक बाण एका पिनला, पिन आतला पुल-अप (बाण सुटा असताना पिन 'वर' धरणारा रोध) चालू ठेवून. पिन खाली गेली की बाणाची कळ दाबायची, वर आली की सोडायची, मधे पाच मिलिसेकंदांचा विराम, म्हणजे एका पावलाचे दोन होत नाहीत. आतला पुल-अप २० ते ५० किलो-ओहमचा असतो, त्यामुळे दाबलेल्या बाणाचा रोध दोन-तीन हजार ओहमच्या आत असला तर तो बिनचूक लागतो. त्याहून जास्त असेल तर आधी रेघ दुरुस्त करा. फिल्म आणि तार यांचा जोड इथेही दाबाचाच ठेवायचा: जुन्या बोर्डाचे फक्त पट्टे वापरा, चिपकडे जाणाऱ्या रेघा कापा आणि पट्ट्यांना तारा सोल्डर करा.

शिवण्याआधी

कडा सेलोटेपने तात्पुरत्या बंद करा आणि दोन-तीन गाणी पूर्ण जोराने खेळा. हळू दाबून चालणारा बाण उड्यांखाली दगा देतो, आणि शिवल्यावर ते कळलं तर सगळं पुन्हा उसवावं लागतं. खात्री झाली की जुन्याच भोकांतून जाड नायलॉन दोऱ्याने हाताने शिवा. मशीनची टीप हवी असेल तर कपड्यांच्या शिंप्याकडे न जाता बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे जा, त्याची मशीन एवढे थर पेलते. शिवण कडेपासून आत जाऊ देऊ नका असं त्याला बजावा, सुई फिल्ममधून गेली की रेघ तुटते.

मॅट गुळगुळीत फरशीवर सरकते तेव्हा आतले थरही मुरगळतात आणि नव्या घड्या पडतात. खाली योगा मॅट किंवा रबरी जाळी घाला. त्याहून पक्कं हवं असेल तर मॅट बारा मिलिमीटरच्या प्लायवुडवर कडांनी ताणून बसवा. ती गुंडाळता येणार नाही, पण बरीच जास्त टिकेल. खालच्या मजल्यावर लोक राहत असतील तर प्लायवुडखाली जाड फोम टाका. बूट घालून खेळू नका. गुंडाळायचीच असेल तर छापील बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, घडी कधीच घालू नका.

फिल्मच गेली असेल तर

कधी कधी मॅट उघडल्यावर शाईचे पापुद्रे हातात येतात. मग रेघा जोडत बसण्यात अर्थ नाही. वरचा छापील थर, बोर्ड आणि केबल ठेवा, बाकी नवं करा. प्रत्येक बाणासाठी जाड प्लॅस्टिकच्या फाइल कव्हरचे दोन चौकोन कापा आणि आतल्या बाजूंना स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल दुहेरी चिकटपट्टीने, सुरकुत्या न पडू देता चिकटवा. कडेने दोन सेंटिमीटर जागा फॉइल न लावता मोकळी सोडा, नाहीतर कडा दाबल्या की शॉर्ट होईल. चारही कडांना आणि मधे दोन-तीन जागी दोन मिलिमीटरच्या फोमचे तुकडे लावा. अॅल्युमिनियमला सोल्डर धरत नाही, म्हणून बहुतारी तारेचं टोक पंख्यासारखं पसरवून फॉइलवर ठेवा आणि वरून फॉइलचा तुकडा व घट्ट चिकटपट्टी लावून दाबा. एका बाजूच्या चारही तारा एकत्र करून सामायिक रेघ होते, दुसऱ्या बाजूच्या चार सुट्या बोर्डाकडे जातात. फॉइल धातूचीच असल्याने इथे दाबल्यावर मीटरचा बझरही वाजला पाहिजे. नाही वाजला तर आधी तारेचा जोड तपासा, मग मधला फोम थोडा कमी करून बघा.